चिंचेनं घासलेलं कार्ड

दोन हजार पंधरा साल होतं. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली माझ्या बायकोचे, कौसल्येचे, डोळे गेले. पूर्ण गेले असं नाही. उजवा गेला, डाव्यात उजेड-अंधार कळण्याइतकं राहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितो आहे ते संगणकातल्या एका कार्डाचं आहे, आणि वाचणाऱ्याला वाटू नये की म्हातारा काही लपवतो आहे. मी लपवत नाही. तेव्हाही लपवलं नव्हतं. मला दिसलंच नव्हतं.

ते जुनं कार्ड काल हातात आलं. दिवाळीच्या आधी घराला चुना मारायचा म्हणून कोनाडे रिकामे केले, तर मागच्या खोलीत खिळ्यांच्या डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी. वर पांढऱ्या धातूची जाळी आणि एक लहानसा पंखा, एक पातं तुटलेला. खालच्या काठाला दातांची रांग. दातांवर कळक चढलेला, हिरवा, जसा न घासलेल्या पितळेवर चढतो. मी ते नाकाशी धरलं. चिंचेचा वास येईल असं वाटलं होतं. कशाचाच आला नाही. चुना मारणारा माणूस विचारत होता, "काकाजी, फेकू काय हे?" मी म्हटलं, "राहू दे." कौसल्या जाऊन आता तीन वर्षं झाली. मी कार्ड हातात घेऊन उंबऱ्यावर बसलो आणि चुन्याचा ओला वास घेत राहिलो. दुसरं काही वाटलं नाही.

संगणक आमच्या संजूचा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं तो इथंच ठेवला, भंडाऱ्याच्या घरी. एका दिवाळीत आला आणि त्यानं आईला एक खेळ लावून दिला. शेतीचा खेळ. पडद्यावर शेत, शेतात ट्रॅक्टर, बटणं दाबली की ट्रॅक्टर चालतो, नांगरतो, पेरतो, कापतो. मी म्हटलं, "साठीतल्या बाईले खेळ शिकवून राहिला का रे?" तो म्हणाला, "बाबा, आईचे गुडघे गेले. बसून बसून काय करन ती?"

कौसल्येचं माहेर लाखांदुराकडचं. बाप धानवाला, पण ट्रॅक्टर म्हणा की बैलगाडी म्हणा, पोरींच्या हातात कासरा कधी आला नाही. पोरींच्या हातात पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं. आषाढात डोक्यावर प्लास्टिकचा तुकडा बांधून, पोटरीभर चिखलात, कमरेत वाकून, मागं मागं सरकत रोवणी. ती सांगायची की रोवताना समोर पाहायचं नसते, समोर सारा चिखल असतो, पायाजवळ पाहायचं. बांधी, चारी बाजूंनी बांध घातलेलं ते लहान शेत, भरून आलेली असायची, आणि पाणी निवळलं की त्यात आकाश उतरायचं. मग रोप आकाशात रोवल्यासारखं वाटे म्हणे. ती असं काही बोलली की मी म्हणायचो, भात वाढ.

आता त्याच बाईच्या बोटांखाली ट्रॅक्टर होता. पहिल्या आठवड्यात तिनं तो चार वेळा कुंपणात घातला. दुसऱ्या आठवड्यात सरळ रेघा मारू लागली. तिची एकच तक्रार होती.

"अजी, याच्यात धानच नाही. गहू आहे, मका आहे, काय काय आहे. बांधी कुठं आहे?"

"परदेशी लोकायचा खेळ आहे. त्यायले बांधी काय माहीत?"

"त्यायले कोणी सांगितलं नाही वाटते."

दुपारी जेवणं आटोपली की ती संगणकापुढं बसायची. पंख्याची घरघर, गरम झालेल्या धुळीचा वास, वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका, आणि ट्रॅक्टरचा तो बारीक आवाज. तासाभरानं उठली की मोरीवर जाऊन पाय धुवायची. चिखल नाही, धूळ नाही, घरात खुर्चीवर बसलेली बाई, पण शेतातून उठलं की पाय धुवायचे, ही सवय. मी खाटेवर पडल्या पडल्या तांब्याचा आवाज ऐकायचो. तो आवाज माझ्या झोपेचा भाग झाला होता.

खेळातल्या शेताच्या कडेला एक नाला होता. नाला म्हणजे राखाडी रंगाचा पट्टा, डांबरी सडकेसारखा. संजू जाता जाता म्हणून गेला होता, "आई, हे कार्ड स्वस्तातलं आहे, जुनं आहे, म्हणून असं दिसते. चांगलं कार्ड असलं की पाण्यात आकाश दिसते." संगणकात चित्र काढायला एक वेगळं कार्ड बसवलेलं असते, त्याची ताकद कमी की चित्र कच्चं, जास्त की खऱ्यासारखं, एवढं मला तेव्हा कळलं. कौसल्येच्या डोक्यात तेवढं एकच राहिलं, पाण्यात आकाश.

आता थोडं माझ्या कामाचं सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट वेड्यासारखी वाटेल. मी दुसरीतून शाळा सोडली आणि पितळेच्या कारखान्यात लागलो. भंडाऱ्याच्या गल्ल्यांत तेव्हा सकाळपासून ठोके चालायचे. गुंड, घागरी, कोपर, पराती. कोणता ठोका कोणाचा हे मी डोळे मिटून सांगायचो. मग मला उजळवण्याच्या कामावर घेतलं. चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी, आणि शेवटी फिरतं चाक. नाकात काळी भुकटी, नखांत काळी भुकटी, घामाला पितळेचा वास. त्या वासानं कौसल्या मला अंधारात ओळखायची. आमच्या उस्तादाचा एक कायदा होता. गिऱ्हाईक म्हणालं की भांडं अंधूक दिसते, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. 'तुमचे डोळे तपासा' असं तर जन्मात म्हणायचं नाही. भांडं परत घ्यायचं, परत चाकावर धरायचं, गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत. चाळीस वर्षं मी हा कायदा पाळला. माझ्या हातून उजळून गेलेलं भांडं दुसऱ्यांदा परत आलं नाही. याचा मला गर्व होता आणि आहे.

मग स्टील आलं. ठोके थांबले. ते राहू द्या.

त्या साली पोळा झाल्यावर कौसल्या एकदा म्हणाली, "अजी, पडदा अंधूक दिसून राहिला."

मी पडदा पुसला. ओल्या कापडानं, मग कोरड्या. ती म्हणाली, "आता बरं आहे." दोन दिवसांनी परत, "उजव्या बाजूले धूर आल्यासारखं वाटते." मी पडदा उघडून काचेच्या आतून पुसायला निघालो, तर संजूनं फोनवर आरडाओरडा करून थांबवलं. मग मी खोलीतला बल्ब बदलला, मोठा लावला. वायर बदलली. गिऱ्हाईक अंधूक म्हणत होतं, मी भांडं चाकावर धरत होतो.

आता आठवतं ते वेगळंच. तांदूळ निवडताना ती मान एका बाजूला वाकडी करायची, आणि खडे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी काढायची. सुईत दोरा ओवायला शेजारणीकडं जाऊ लागली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं. चहाचा कप माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवायची, आणि मीच तो उचलायचो. साखरेची बिमारी तिला आधीपासून होती, गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. मी हे सारं पाहत होतो. मीठ जास्त झालं की ताट सरकवायचो.

दसऱ्याच्या सुमारास संजूचा फोन आला.

"बाबा, आईले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं काय?"

"कायले?"

"मी फोटो पाठवला होता ना पुण्याचा, तिले दिसला नाही म्हणे."

"तुह्या मशीनचा दोष आहे. जुनी मशीन गळ्यात टाकून गेला तू."

"फोटो फोनवर पाठवला होता, बाबा."

"फोनही तुहाच जुना आहे."

तो म्हणाला, "एकदा नागपूरले नेऊन पाहा ना. काय जाते?"

"मी कार्ड बदलतो," मी म्हटलं. "कार्ड बदललं की सारं ठीक होते. तूच म्हणे ना?"

कौसल्या बाजूलाच भाजी चिरत बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "नागपूरले जा लागन काय?"

"तुले जायचं आहे?"

"मले नाही जायचं. तिथं डोळ्यात सुई टोचतात म्हणे." तिनं विळी आडवी केली. "कार्ड बदललं की दिसन ना पण?"

"दिसन. नाही कसं दिसन?"

हे मी बोललो. कोणी बळजबरी केली नव्हती.

कार्ड बदलायच्या आधी मला वाटलं, असेल तेच एकदा उजळून पाहावं. नवं घेणं हे आळशी माणसाचं काम. मी संगणकाच्या डब्याचे स्क्रू काढले, आतली धुळीची जळमटं ब्रशनं झाडली, आणि कार्ड बाहेर काढलं. दातांची रांग काळवंडलेली दिसली. माझ्या जिवात जीव आला. हेच ते, मी म्हटलं. चिंच भिजवली, मीठ घातलं, थोडी राख, आणि नारळाच्या शेंडीनं घासायला बसलो. किती वर्षांनी बसलो होतो! अंगठा आपोआप त्याच्या जागी गेला. चिंचेचा आंबट वास हातावरून कोपरापर्यंत आला आणि गल्लीत परत ठोके सुरू झाले असं मला वाटलं. कौसल्या भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "हा आवाज बरा वाटते." पंख्याचं पातं तेव्हाच तुटलं. मी कार्ड पाण्यानं धुतलं आणि गच्चीवर मिरच्यांशेजारी उन्हात वाळवलं. ते चमकत होतं. माझ्या हातून गेलेल्या कोणत्याही वस्तूइतकं चमकत होतं.

बसवलं. बटण दाबलं. डब्यातून तीन वेळा शिटीसारखा आवाज आला. पडदा काळा.

मग मी दिनेशकडं गेलो. दिनेश म्हणजे बस स्टँडजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, नाकाशी नेलं.

"काकाजी, हे काय लावलं?"

"चिंच."

"चिंच?"

"मीठ आणि राख पण."

त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि हसू दाबायला खाली वाकला. "अरे बाप्पा! काकाजी, हे दात सोन्याचे असतात. वरून पातळ मुलामा. तुम्ही सोनं घासून काढलं."

"सोनं काळं पडत नाही. हे काळं पडलं होतं. मी चाळीस वर्षं धातू पाहिला आहे."

"ती धूळ होती जी. पेन्सिलीच्या रबरानं निघाली असती."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती भिंतीकडं पाहू लागली. दिनेशनंच मग आवाज बदलला. "कोणासाठी पाहिजे, नातवासाठी?"

"बायकोसाठी."

"काकू गेम खेळतात?"

"शेती करते."

तो यावर हसला नाही. त्यानं विचारलं, डब्यातला सप्लाय किती वॅटचा आहे. डब्यावरचा आकडा मी चिठ्ठीवर उतरवून नेला होता, तो दाखवला. तो म्हणाला की मोठं कार्ड या सप्लायवर चालणार नाही, पण मधलं एक आहे, वेगळी वायर लागत नाही, तुमच्या खेळाला पुरे. मी म्हटलं, "पाण्यात आकाश दिसलं पाहिजे." तो म्हणाला, "दिसन ना काकाजी, काहून नाही दिसन?" पैसे मी तिथंच दिले. संजूला विचारलं नाही.

ते नागपूरहून यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत घरात फार शांत होतं. पंख्याची घरघर नाही, ट्रॅक्टर नाही, मोरीवर तांब्याचा आवाज नाही. कौसल्या दुपारी दारात बसायची आणि गल्लीतून जाणाऱ्यांना चपलांच्या आवाजावरून हाक मारायची. मी म्हटलं, ओळख मोठी आहे बाईची. शेतांत तेव्हा धान निसवला होता आणि गावाबाहेरून वारा आला की तो दुधाळ, हिरवा वास गल्लीपर्यंत यायचा. ती नाक वर करायची. एकदा म्हणाली, "अजी, आमच्याकडं आता बोडीचं पाणी सोडलं असन." बोडी म्हणजे तिच्या बापाच्या शेताजवळचा लहान तलाव. मी हुं केलं. आता वाटते, आणखी काही विचारायला हवं होतं. पण तसं वाटण्यातही काही जोर नाही, नुसतं वाटते.

दिनेश नवं कार्ड घेऊन घरी आला तेव्हा ऊन कललं होतं. नवा डबा, त्याला नव्या प्लास्टिकचा वास. तो बसवायला लागला तर मी म्हटलं, "तू सांग, मी बसवतो." त्यानं मला फक्त एवढंच सांगितलं की दातांना बोट लावू नका, कडेनं धरा. मी कडेनं धरलं, फटीवर ठेवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. ते बसल्याचा आवाज आला, पितळी डब्याचं घट्ट झाकण बसतं तसा. दिनेश म्हणाला, "एकदम बराबर." त्यानं बाकीचं काम केलं, संगणक दोनदा बंद-चालू केला, खेळाच्या आत जाऊन काय काय बदललं, आणि मग बाजूला झाला.

मी तिचं शेत तोपर्यंत नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. गव्हाची एकेक ओंबी वेगळी होती आणि वाऱ्यानं वाकत होती. ट्रॅक्टरच्या चाकाला चिखल लागलेला होता, वाळून भेगाळलेला. कुंपणाची सावली जमिनीवर पडली होती. तिनं मारलेल्या रेघा दूरपर्यंत गेल्या होत्या, सरळ, रोवणीसारख्या. आणि कडेचा तो राखाडी पट्टा आता नाला झाला होता. खेळात सांज होती. पाणी पिवळं होतं, लाल होतं, नुकत्याच चाकावरून उतरलेल्या परातीसारखं, आणि त्यात ढग होते.

"बस," मी तिला म्हटलं.

तिनं खुर्ची हातानं चाचपली आणि बसली. बोटं बटणांवर ठेवली. पडद्याकडं पाहिलं.

"कसं आहे?"

"मस्त आहे जी."

"नाला दिसते?"

"दिसते ना."

"पाण्यात आकाश आहे?"

"आहे." ती हसत होती. माझ्याकडं तोंड करून हसत होती, जसं कोणी नवं लुगडं दाखवताना हसतं.

"कोणत्या रंगाचं?"

"निळं," ती म्हणाली. "आकाश निळंच असते ना."

दिनेशच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि मग खाली पाहून आपली पिशवी आवरू लागला. एक एक वस्तू अगदी हळू. जाताना नेहमीसारखा "येतो काकाजी" म्हणाला नाही, माझ्या दंडाला हात लावून गेला.

मी तिच्या मागं उभा होतो. मी बसवलेलं कार्ड वाया गेलं असं मला वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली, की तिला खरंच कुठंतरी निळं दिसत होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती ट्रॅक्टर चालवत होती. तो नाल्यात उतरला आणि पाण्यात थांबला, आणि ती बटण दाबतच होती. ढग हलले आणि पाण्यावर वर्तुळं उमटली. फार खरी होती. मी तिचा हात बटणावरून उचलला आणि माझ्या हातात घेतला. तिनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुरे आज."

मला रडू आलं नाही. राग आला नाही. चाळीस वर्षांत कधी नाही ते माझं भांडं दुसऱ्यांदा परत आलं होतं आणि भांड्यात दोष नव्हता. एवढंच मी उभ्या उभ्या समजून घेतलं. मग चूल पेटवली, भात मी टाकला. तिला ताट देताना ते तिच्या हातात दिलं, जमिनीवर ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, तिच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवली आणि तिला घेऊन नागपूरच्या पहिल्या एसटीत बसलो. तिनं सुईचं विचारलं. मी म्हटलं, "मी आहो ना." लग्नापासून एसटीत खिडकीची जागा माझी असायची, त्या दिवशी तिला दिली. गाडी गावाबाहेर पडली तसा वारा आत आला आणि ती तोंड वाऱ्याकडं करून बसली. मी तिच्या खांद्यावरून बाहेर पाहून सांगू लागलो, कधी असं बोललो नव्हतो. डाव्या हाताला धान. परत धान. वीटभट्टी. बगळे आहेत, सात-आठ. आता शहापूर आलं. दुकानं उघडून राहिले. परत धान, पिवळा पडून राहिला.

"हळू सांगा जी," ती म्हणाली. "गाडी जोरात आहे."

मी हळू सांगू लागलो.